मदरबोर्डाला नसलेली खिडकी

बाजारातल्या संगणकवाल्यानं मला फसवलं. ज्या प्रोसेसरच्या पोटातच चित्र उमटवण्याची सोय होती, त्याच्या जोडीला त्यानं असा मदरबोर्ड विकला, की ज्याच्या पाठीला पडद्याची वायर लावायला जागाच नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं मी आठवणींत कुठंही भरकटलो तरी तुम्ही हे विसरू नका.

संगणक घरी आणून पहिल्यांदा चालू केला, त्या संध्याकाळचा पडदा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. काळाभोर, गुळगुळीत, आणि त्यात माझ्या बायकोचा चेहरा. खाली डब्यातला पंखा घुमत होता, दिवा लुकलुकत होता. आत सारं जिवंत होतं. शोभा वेणीफणी करून, निकामी उजवा हात मांडीवर ठेवून बसली होती. "काही दिखस का?" तिनं विचारलं. सुरतेत जन्म गेला, पण घरात तिची अहिराणी सुटली नाही. मी डब्याच्या पाठीवर बोटं फिरवत वायरीला जागा शोधत राहिलो.

ती साड्यांचे काठ काढायची. बमरोलीच्या खोलीत, भिंतीपलीकडच्या मागांच्या खडखडाटात, चौकड्यांच्या कागदावर तिची पेन्सिल शांतपणे चालायची. आमच्या खानदेशातून वाहत आलेली तापी इथं समुद्राला भेटते. तिच्या लाटा, केळीची पानं, कपाशीची बोंडं, सारं त्या काठांत उतरायचं. ते कागद काखेत मारून मी बाजार पालथा घातला, व्यापाऱ्यांशी भांडलो, घर उभं केलं. मग लकव्यानं तिचा हात नेला. पण काठ कुठं गेले होते? ते आतच होते. बारडोलीहून मुलगी आली, तेव्हा तिच्या लॅपटॉपवर शोभानं डाव्या हातानं एक लाट काढली. वाकडी होती, पण तापीचीच होती. त्याच आठवड्यात मी संगणक घ्यायला निघालो.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, प्रोसेसरमधलंच चालवायचं, पडदा थेट बोर्डाला लागला पाहिजे, असं मी दुकानदाराला बजावलं होतं. भावावरून मी नेहमीप्रमाणे उठून निघालो. त्यानं नेहमीप्रमाणे हाक मारली. "बेसो ने, काका." आतून दुसरं, स्वस्तातलं खोकं आणलं. "ग्राफिक्स अंदर ही है, टेन्शन मत लो." अर्धं खरं बोलणाऱ्याला कुठं पकडायचं? कापड मी चिमटीत धरून ओळखतो. सीलबंद खोक्यावर माझी बोटं आंधळी झाली.

बोर्ड परत घेऊन गेलो, तर म्हणतो, "काका, भाव कोणी पाडला? कार्ड घ्या, नाहीतर थांबा, दुसरा मागवतो."

"भाव मी पाडला," मी ओरडलो. "खिडकी तू बुजवलीस."

बोर्ड आज येणार होता, उद्या येणार होता. शोभा मात्र रोज संध्याकाळी वेणी घालून त्या काळ्या पडद्यापुढं बसायची. माऊस डाव्या हाताखाली धरून सावकाश फिरवायची, थांबायची, मान तिरपी करून बघायची, पुन्हा फिरवायची. हात बसवतेय, म्हणायची. तिच्या पापण्यांमागं कुठला काठ उमटत असेल? प्रोसेसरसारखीच तीही आतल्या आत चित्रं रचत होती, आणि दोघांनाही बाहेरची वाट नव्हती. मी दारात उभा राहून बघायचो आणि दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालायचो. दुसरं करण्यासारखं तरी काय होतं माझ्या हातात?

लकव्याचा दुसरा झटका बोर्डाच्या आधी पोचला.

दिवसकार्य उरकल्यावर खोकं आलं. जावयानं बोर्ड बसवला, वायर लावली. पडदा लगेच उजळला, पांढराशुभ्र, रिकामा. काळा होता तेव्हा त्यात तिचा चेहरा तरी दिसायचा. आता त्यात कुणीच दिसत नाही.

पैसे मला नकोत. त्या दुकानदारानं एकदा माझ्या घरी यावं, तिच्या खुर्चीपुढं उभं राहावं, आणि अंधारात त्या डाव्या हातानं काय काय काढलं होतं, ते मला सांगावं.