शनिवारचं पाणी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा हा विषय मी शिताफीनं टाळते. त्याला ठाऊकच असणार, मग पुन्हा कशाला उगाळायचं, अशी माझी सोय. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांत माझा फार मान आहे हो. रस्त्यात दोन दोन पोरांच्या आया झालेल्या बायका वाकून नमस्कार करतात, 'आमच्या हेडबाई' म्हणतात, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवते. सवय झाली आहे त्याची.

मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते. हे आधीच सांगून ठेवते. नंतर सांगितलं असतं तर तुम्हाला ती सबब वाटली असती — आत्ताही वाटेलच म्हणा. वाटू दे.

एकोणीसशे सत्तर सालानंतरचे सुरुवातीचे दिवस. पिंपरीत रुळांपलीकडे मिशनची एक शाळा होती, तिथे मी तिसरीला शिकवत असे. आम्ही सांगलीकडून आलेलो. हे एका कंपनीत बदली कामगार — आज बोलावलं, उद्या नाही. मीही शाळेत हंगामी. चार वर्षं झाली तरी दर जूनला नवा अर्ज. घरात दोन कमावती माणसं आणि दोन्ही कच्ची. राहायला गावातल्या तात्यांच्या चाळीत एक खोली. तात्यांची जमीन कारखान्यांत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधलेल्या. माणूस वाईट नव्हता. पण गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

शाळेच्या मुख्याध्यापिका एस्तेरबाई. नगरकडच्या, ख्रिस्ती, विधवा. उंची बेताची आणि आवाज असा की मैदानाच्या टोकाला पळणारं पोर जागच्या जागी थांबावं. शाळा मिशनची, पण पगार सरकारी अनुदानातून. त्यामुळे मिशनचं ऐकायचं, शिक्षण खात्याचं ऐकायचं, आणि वर गावाचंही ऐकून घ्यायचं. शाळेत ख्रिस्ती मुलं थोडीच होती. बहुतेक कामगारांची, आणि त्यांत वस्तीतली बौद्ध मुलं पुष्कळ. इतर ठिकाणी त्यांचं नाव घालायला गेलं की 'जागा भरल्या' असं ऐकू येई. एस्तेरबाईंकडे जागा कधी भरत नसत.

आता उवांचं सांगते. हसू नका, सगळं तिथेच अडकलं आहे.

त्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींच्या डोक्यांत उवांचा असा सुळसुळाट झाला की फळ्याकडे बघायचं सोडून अख्खा वर्ग डोकं खाजवत बसे. एस्तेरबाई रॉकेल लावायच्या विचारात होत्या. मी म्हटलं, नको बाई, पोरींची कातडी जळेल, आमच्याकडे सीताफळाच्या बिया वाटून लावतात. बिया मी माहेराहून मागवल्या. पाट्यावर मी वाटल्या. युक्ती माझी, पूड माझी — फक्त हात त्यांचे. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस्तेरबाई हौदाजवळ पाटावर बसत, एकेका मुलीला पुढ्यात घेत, केसांना लेप चोळत, आणि तिनं चुळबुळ करू नये म्हणून तिच्याबरोबर पाढे म्हणत. बे एके बे, बे दुणे चार. दहाचा पाढा झाला की डोक्यावर तांब्यानं पाणी. तोवर डोळे गच्च मिटलेले हवेत, कारण ती पूड डोळ्यात जाणं फार वाईट. मी शेजारी टॉवेल घेऊन उभी. पाणी पडलं रे पडलं की मी तोंड पुसायचं, एवढंच माझं काम.

तात्यांची नात मंगल माझ्याच वर्गात होती. एका शनिवारी तिच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मी चौथीच्या बाईंशी बोलत उभी होते. कशाबद्दल? साखरेच्या रांगेबद्दल. टॉवेल द्यायला मला उशीर झाला, मंगलनं डोळे उघडले, आणि किंचाळली. एस्तेरबाईंनी अर्धा हौद तिच्या डोळ्यांवर ओतला असेल. तरी आठवडाभर एक डोळा लालभडक होता. डॉक्टर म्हणाले, निभावलं.

घरी विचारलं, काय झालं गं? उवा झाल्या म्हणून सांगितलं तर आई बडवणार, 'त्या वस्तीतल्या पोरींजवळ बसतीस' म्हणून आधीच एकदा बडवलेली. मग आठ वर्षांच्या पोरीनं उवा तेवढ्या गाळल्या आणि बाकी जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी डोळे मिटायला लावले, तोंडानं काही म्हणत होत्या, आणि डोक्यावर पाणी घातलं.

पाणी घातलं! तुम्हाला त्या काळात त्या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक आहे का? बाप्तिस्मा हा शब्द गावात कुणाच्या जिभेला वळत नसे. कुणी ख्रिस्ती झालं की 'त्यानं पाणी घेतलं', आणि कुणी केलं की 'त्याला पाणी घातलं'. झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मिशनची बाई पोरी बाटवते.

पुढच्या पंधरा दिवसांत काय काय झालं! शाळेच्या भिंतीवर डांबरानं लिहिलं गेलं. ऑफिसच्या खिडकीची काच फुटली. शाळेमागे चार ख्रिस्ती घरं होती, त्यांना दूधवाल्यानं दूध बंद केलं — वर्षानुवर्षांचा गवळी, मान खाली घालून सायकल पुढे दामटायचा. वस्तीवर वेगळीच धुसफुस: आम्ही एक धर्म सोडून आमचा मार्ग धरला, तो काय आता दुसऱ्याच्या दारात जायला? कालपर्यंत एका रांगेत डोकी धुऊन घेणाऱ्या पोरी मधल्या सुट्टीत तीन कोपऱ्यांत डबे उघडू लागल्या. गावानं अर्ज दिला, पहिली सही तात्यांची. शिक्षण खात्यानं चौकशी लावली. आरोप खरा ठरला तर मिशनची समिती बाजूला करून शाळेवर सरकारचा प्रशासक येणार, आणि हंगामी शिक्षकांना कायम करायचं की घरी पाठवायचं हे तोच ठरवणार.

चौकशीच्या आदल्या दिवशी सकाळी तात्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "मास्तरीनबाई, तुमी आपल्यातल्या. खोटं बोला म्हनत न्हाई आमी. सायेब इचारंल तेवढं खरं सांगा, बास."

त्यांच्या डोळ्यांत नातीची काळजी होती, दुसरं काही नव्हतं. मी तिथेच सांगू शकले असते. तात्या, उवा होत्या हो. पूड माझी. टॉवेल द्यायला उशीर माझा. चार वाक्यं! पण सांगितलं तर काय? नातीचा डोळा जायचा तो माझ्यामुळे, आणि वर तात्यांच्या घरच्या पोरीचं डोकं वस्तीतल्या पोरींबरोबर एकाच पाटावर धुतलं ते माझ्यासमोर. खोली जाणार. न सांगितलं तर एस्तेरबाई जाणार. इकडे आड, तिकडे विहीर — आणि मी काय केलं? मी म्हटलं, "बरं तात्या." आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

चौकशी शाळेतच झाली, माझ्याच वर्गात. साहेब पुण्याहून आलेले, नीटनेटके, आवाज न चढवणारे. शेजारी कारकून लिहून घेत होता. दाराबाहेर गाव उभं. साहेबांनी मला तीन प्रश्न विचारले.

मुख्याध्यापिका मुलींना डोळे मिटायला लावतात का? हो. त्या वेळी तोंडानं काही म्हणतात, आणि मुलींकडून म्हणवून घेतात का? हो. मग डोक्यावर पाणी घालतात का?

हो.

खरं होतं की नाही? तीनही वेळा खरं. काय म्हणतात, हे त्यांनी विचारलं नाही. कशासाठी, हेही नाही. मी वाट बघत होते की विचारतील — विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. खरंच सांगितलं असतं? कोण जाणे.

मग गयाबाई आत घुसल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई, धाराशिवकडच्या, वस्तीत राहायच्या, बांधकामावर जायच्या. "सायब, उवाचं पानी हाय ते! माझ्या लेकीच्या डोस्क्यात उवा झालत्या, म्हून बाईनं धुतलं. ह्या बाईला इचारा की, ह्याच टावेल धरत व्हत्या!"

साहेबांनी त्यांना शांतपणे विचारलं, तुम्ही मूळच्या कोण? मग धर्म बदललात ना? गयाबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या, आमी बौद्ध हाव. कारकुनानं साहेबांकडे पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. जिनं एकदा धर्म बदलला तिची साक्ष धर्म बदलण्याच्या चौकशीत कशी धरायची, असा हिशेब. ते वाक्य कागदावर आलंच नाही.

एस्तेरबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. पूड हिची आहे, युक्ती हिची आहे, असं त्या म्हणू शकत होत्या, आणि मी त्याचीच वाट बघत होते, अंग चोरून. त्या तसं म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नलूबाई, तुम्ही सांगा ना त्यांना. पाणी कशाचं ते."

सगळे माझ्याकडे बघत होते. दारातून तात्याही.

मी म्हटलं, "मला विचारलं तेवढं मी सांगितलंय, साहेब."

एस्तेरबाईंनी मान हलवली, जणू मी एखादा निरोप दिला आणि त्यांना तो पोचला. नंतर महिनाभर आम्ही एकाच शाळेत होतो. एका शब्दानं त्यांनी मला छेडलं नाही. मी डबा वर्गात खायला लागले.

प्रशासक आला. प्रार्थना बदलली, भिंतीवरचा क्रूस उतरवला, पाठीमागची ख्रिस्ती घरं एकेक करून उठली. एस्तेरबाईंना काढलं. शनिवारी हौदाजवळ कुणी बसेना. पावसाळ्यानंतर गयाबाईंनी मुलीचं डोकं सफाचट केलं. बाकीच्या चिडवतात म्हणून ती आधी अधूनमधून आणि मग कायमचीच यायची थांबली. मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहीत राहिले. मला कायम केलं. चार वर्षांनी मुख्याध्यापिका केलं. आणि एस्तेरबाईंच्या खुर्चीवर पहिल्या दिवशी बसले तेव्हा — इथे थांबावंसं वाटतं — तेव्हा मला आनंद झाला. भीती म्हणून केलं, पोटासाठी केलं, हे सगळं खरं. पण पोरी त्यांच्याभोवती जशा गोळा होत तशा माझ्याभोवती कधी झाल्या नव्हत्या, आणि तो सल मला आधीपासून होता.

इथवर ऐकून तुम्ही कदाचित म्हणाल, बाई, तुमचाही नाइलाज होता. कोंडी होती. म्हणूनच उरलेलं सांगायला हवं.

ऐंशी साल उलटून गेल्यावर एस्तेरबाईंचं पत्र आलं, शाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावानं. तोवर तात्या वारले होते. हे कंपनीत कायम झाले होते. रहाटणीत आमचं स्वतःचं घर उभं होतं. घाबरायला कुणी उरलं नव्हतं. त्यांचं अक्षर तसंच, फळ्यावरच्यासारखं. खेड्यात भावाकडे राहतात, शेजारच्या मुलांना शिकवावं म्हणतात, पण ती जुनी गोष्ट तिथवर पोचलेली, लोक मुलं पाठवत नाहीत. नोकरी नको, काही नको. शाळेच्या कागदावर एक ओळ लिहून द्याल का, की ते पाणी उवांसाठी होतं? खाली लिहिलं होतं, तुमची मुलगी आता मोठी झाली असेल.

आठ दिवस ते पत्र माझ्या पिशवीत होतं. एक ओळ लिहायची तर पुढचा माणूस विचारणार, तेव्हा का नाही बोललात? मग मी कागद घेतला, शाळेचा शिक्का मारला, आणि लिहिलं की सदर बाबतीत या कार्यालयात कोणतीही माहिती उपलब्ध नाही. खाली माझी सही. या वेळी तर कुणी अर्धवट प्रश्नही विचारला नव्हता. आयुष्यात कागदावर लिहिलेलं माझं हे एकमेव धडधडीत खोटं.

पत्र मी शिपायाकडे दिलं नाही. त्यानं पाकिटावरचं नाव वाचलं असतं. चालत चिंचवडपर्यंत गेले आणि तिथल्या पेटीत टाकलं. एस्तेरबाईंचं पुन्हा पत्र आलं नाही.