मास्तरांचं जास्तीचं लिंबू

गल्लीच्या कोपऱ्यावर शिवणकामाचं एक छोटं दुकान होतं आणि त्यात मास्तर बसत. शाळेचे नव्हेत हो, शिलाई मशीनचे. स्वभाव असा की कुठलाही कपडा बेतताना शिवणीच्या आत चांगली दोन बोटं माया सोडायची. गिऱ्हाईक आज ना उद्या अंगानं भरणारच, तेव्हा उसवून वाढवता यायला नको का, असं त्यांचं म्हणणं. हीच खोड ते घरीही घेऊन येत. चहात साखर जास्त, आमटीत पाणी जास्त, दुपारची गाडी असली तर हे सकाळीच स्टेशनावर हजर. या माणसाला पुरेसं म्हणजे किती हे कुणी शिकवलंच नाही, असं बायको म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते.

त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे दादा, वरच्या मजल्यावर राहायचे. जन्मभर बस चालवलेली, त्यामुळे आवाज असा की पुढच्या स्टॉपवरचा माणूस वळून बघेल. वहिनी गेल्यापासून एकटेच होते. पोटाचं ऑपरेशन होऊन घरी आले आणि त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. जेवण म्हटलं की नको. मास्तरांच्या बायकोनं केलेलं सूप परत आलं, मऊ भात परत आला, शेवटी तीही बिचारी कंटाळली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल आणि या खेपेला मला काही खात्री देता येणार नाही.  वडील लवकर गेल्यावर दादांनीच मास्तरांना लहानाचं मोठं केलं होतं. दादा नसलेलं घर कसं असतं हे त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करूनही घ्यायचं नव्हतं.

एकदा ताट सरकवताना दादा पुटपुटले, हिच्या हातचं पनीर असतं तर खाल्लं असतं. झालं, मास्तरांना तेवढंच हवं होतं. वहिनींना कुठून आणणार, पण पनीर तर करता येईल.

तसं त्यात अवघड काही नाही. दूध उकळायचं, लिंबू पिळायचं, फाटलं की फडक्यात बांधून वर वजन ठेवायचं. फडकं मास्तरांनी खास शिवलं, कडा दुमडून, तोंडाला नाडी ओवून. बायको म्हणाली, खिसा तेवढा राहिला. दूध फाटलं, छान फाटलं, पण मास्तरांचं मन भरेना. असू दे थोडं जास्तीचं म्हणत त्यांनी आणखी लिंबू पिळलं, मग दुकानातली जड इस्त्री थंडगार करून वर ठेवली आणि राहू दे, राहू दे करत दिवसभर ठेवली. संध्याकाळी दादांनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि बाहेर काढला.

"याला चार भोकं पाड आणि कोटाला लाव."

मास्तरांनी हार मानली नाही. पण पनीर बिघडलं की त्यांना वाटायचं, लिंबूच कमी पडलं असणार. मग पुढच्या खेपेला आणखी लिंबू. पनीर आणखी आंबट, आणखी चिवट, आणि दादांचे गाल आणखी आत.

रविवारी दुकान बंद होतं. दादांच्या पुढ्यात गरमागरम ठेवता यावं म्हणून मास्तरांनी त्यांच्याच स्वयंपाकघरात दूध चढवलं. पलंगावरून दादांना लिंबं कापल्याचा आवाज आला, एक, दुसरं, तिसरं. त्यांना राहवेना. भिंत धरत धरत ते उठून आले, स्टुलावर बसले, गॅस बारीक करायला लावला आणि चमच्या-चमच्यानं रस घालायला सांगितलं. दुधाच्या गुठळ्या सुटल्या, पाणी हिरवट, नितळ झालं. तरी मास्तरांचा हात सवयीनं उरलेल्या लिंबाकडे गेलाच. दादांनी मनगट धरलं.

"थांब. पाणी असं दिसलं की तुझी वहिनी लिंबू खाली ठेवायची."

मग गार पाण्याखाली धुवायला लावलं. वर नुसतं पाण्याचं भांडं, तेही कांदा-टोमॅटो शिजेपर्यंतच. दादा, तुला हे सगळं कसं ठाऊक, असं मास्तरांनी विचारलं. दादा म्हणाले की ती पनीर करायची तेव्हा ते याच स्टुलावर पेपर उघडून बसायचे. पेपर कोण वाचतोय!

पनीरचे तुकडे कढईत पडले, वर मीठ-मिरी पडली. दादांनी तिथेच बसून खायला सुरुवात केली आणि मान वर न करता ताट संपवलं. मास्तर जीव मुठीत धरून बघत होते. न राहवून त्यांनी विचारलं, वहिनीच्या हातच्यासारखं झालंय का?

"नाही," दादा म्हणाले. मग रिकाम्या ताटाकडे बघत बोलले, "तिच्या हातचं जन्मभर ताट पुसून खाल्लं. पण चांगलं झालंय, असं एकदाही म्हणालो नाही रे. तुला तरी सांगतो. चांगलं झालंय."

 मास्तरांनी कढईतलं उरलेलं सगळं दादांच्या ताटात वाढलं, आणि दादा खाऊ लागले.