केरूशेठ बुडाले म्हणे

डॉक्टरांनी साखर बघून डोळे वटारले, तेव्हा केरूशेठने गोडाऊनमधली जुनी काळी सायकल बाहेर काढली. झालं! रोह्यात बोभाटा व्हायला तेवढं पुरे होतं. पन्नाशी उलटलेला, आठ ट्रकांचा मालक, आणि धाटावच्या ऑफिसला सायकलवरून? त्यात गेल्याच महिन्यात त्याने दोन जुने ट्रक विकलेले. लोकांनी दोन्हीची सांगड घातली आणि शेठला बुडवून मोकळे झाले. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

केरूला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, की फोन वाजेनासा झालाय. वर्गणीवाले नाहीत, 'शेठ, पोराला कुठं तरी चिकटवा' म्हणणारे नाहीत, सकाळी ओट्यावर चहाला जमणारी मंडळीही नाहीत. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे घर जागच्या जागी होतं, वासेच आगाऊ! बायको नातवाला सांभाळायला पेणला अपेक्षाकडे, लेकीकडे गेली होती. 'येते, येते' करत पावसाळा सरला, तरी तिचा पाय तिथून निघत नव्हता. एवढ्या बंगल्यात केरू एकटाच दिवे लावायचा आणि एकटाच मालवायचा.

फक्त एक माणूस उलट जवळ आला. जगन. तरुणपणी दोघं निडीहून धाटावच्या कंपनीत एकाच सायकलवरून जायचे. एकाने हाणायची, दुसऱ्याने कॅरियरवर बसायचं, पुलापाशी अदलाबदल. पुढे केरूने टेम्पो घेतला, मग ट्रक. जगन कंपनीतच राहिला, आणि वाटेत दिसला तर पलीकडूनच 'नमस्कार शेठ' म्हणायला लागला.

तो जगन एका सकाळी कुंडलिकेच्या पुलावर सायकल घेऊन शेजारी आला.

"केऱ्या, चेन किती वाजते रे तुजी! तेल घालतोस का नाय?"

केऱ्या! आई गेल्यापासून या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती. केरूला भडभडून आलं.

मग रोजचंच झालं. पुलापासून धाटावपर्यंत दोघं जोडीने जायचे. जगनचा गुडघा, सुनेची कुरकूर, कँटीनमधली पाणचट डाळ, सगळं ऐकत केरू पायडल मारायचा. रात्री अंथरुणावर पडला की त्याला सकाळची ओढ लागायची. खरं कळलं की हे संपणार, हे तो पक्कं जाणून होता. म्हणून तर विकलेल्यांच्या जागी येणाऱ्या नव्या ट्रकांची डिलिव्हरी त्याने दोनदा पुढे ढकलली. मॅनेजर कपाळाला हात लावून बसला.

एक दिवस पूल ओलांडल्यावर जगनने त्याचं हँडल धरून थांबवलं.

"ऐक. आमच्या गेटवर वॉचमन पायजे हाय. मी सायबाच्या पाया पडून आलोय तुज्यासाठी. उद्या आणतो म्हणून सांगितलंय. पडत्या काळात लाजू नको."

पाया पडून! आता गप्प बसणं म्हणजे पाप होतं.

"जगन, मी बुडालो नाय रे. नवे ट्रक येतायत. ही सायकल नुसती साखरेपायी."

जगन बघतच राहिला. मग खो खो हसला. "मायला, बरं झालं! जीव टांगणीला लागला होता माजा." तो खरोखर खूश झाला होता, त्यात खोट नव्हती. हसता हसताच त्याचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. त्याने हँडल सोडलं.

"चला. शिफ्टची वेळ झाली," तो म्हणाला. "तुमी व्हा पुढं, शेठ."

"अरे, जोडीनं जाऊ की!"

"व्हा पुढं. आलोच मी."

केरू निघाला. थोडं जाऊन त्याने वेग कमी केला. मागे जगनचा ब्रेक करकरला. त्याने आणखी कमी केला, सायकल डुगडुगायला लागली, पण जगन काही शेजारी आला नाही. रस्ता मोकळा होता, दोन सायकली सहज मावल्या असत्या.