निळी बटनं, लाल बटनं

सुरतच्या पांडेसऱ्यात आमच्या विलासचं टायपिंगचं दुकान आहे. तिथल्या बाकड्यावर नुसतं बसलं तरी किस्से साचतात. मागाखाली धाग्याचे तुकडे साचायचे ना, तसे. झाडून काढा, संध्याकाळी परत तेवढेच! मी बसतो, माझा जोडीदार दगडू बसतो. आम्ही शेजारशेजारचे माग चालवले. कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले आणि आम्ही दोघे बाकड्यावर आलो.

*

विलास गिऱ्हाईक असेल तेव्हा अर्ज टाइप करतो, नसेल तेव्हा कॉम्प्युटरवर गोळ्या झाडतो. जुना कीबोर्ड फळीएवढा लांब. माउस फिरवायला जागाच नाही. कोपर भिंतीला आपटायचं आणि गेममध्ये हा मरायचा.

एकदा मी त्याच्या बायकोला फोन लावला, "सूनबाई, विलास मेला."

ती शांतपणे म्हणाली, "आबा, गिऱ्हाईक बसलं असेल तर आधी त्याचं काम करून मरायला सांगा."

*

मग ओळखीच्या दुकानदाराने दोन आखूड मेकॅनिकल कीबोर्ड वापरून बघायला दिले. एक ठेवायचा, एक शनिवारी परत. एकाच्या आत लाल बटनं, दाबली तर आवाज नाही. दुसऱ्यात निळी, प्रत्येक अक्षराला खट्! बाजूचा आकड्यांचा भाग दोन्हींना नाही.

शाळेतल्या शिंदेबाई प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला आल्या. म्हणाल्या, हा एवढासाच कसा?

मी म्हणालो, "कटपीस आहे बाई. सुरतमध्ये काय कापून विकत नाहीत?"

बाई विलासकडे वळल्या, "मग हातभर जास्त घ्यायचा होता. प्रश्नांपुढे मार्क कुठून टाकणार?"

*

या कीबोर्डची अक्षरं चिमट्याने उपटता येतात. हे मला सांगायला नको होतं. विलास चहाला गेला आणि मी सगळी अक्षरं इकडची तिकडे करून ठेवली.

तो आला, माझ्याशी गप्पा मारत अख्खा भाडेकरार टाइप केला. एक चूक नाही! गडी खाली बघतच नाही.

करार छापून झाल्यावर गोड आवाजात म्हणाला, "आबा, तुमचा पेन्शनचा अर्ज राहिलाय ना? आज त्यावर तुमचं नाव तुम्हीच टाका."

मी चौथी नापास. दुपार गेली. जे नाव उमटलं, त्या नावाचा माणूस अख्ख्या सुरतमध्ये सापडायचा नाही.

*

दगडूची गोष्ट वेगळी. माग गेले तशी त्याची झोप गेली. कारखान्यात पाळी सुटली की हा मागांच्या मधेच आडवा व्हायचा. माग धडधडत असेपर्यंत घोरणार. लाइट जाऊन माग थांबले की ताडकन उठून बसणार. आता घरी सगळं शांत, आणि हा छताकडे बघत पडलेला.

मी त्याच्या सुनेला सल्ला दिला, सासऱ्याच्या उशाशी मिक्सर चालू ठेव. तिने बिचारीने ठेवला. दगडू जागाच राहिला, मिक्सर मात्र कायमचा झोपला!

आपल्या मागाच्या आवाजाची मी तोंडाने नक्कल करून दाखवली, तर म्हणाला, "तुझा माग असाच रडायचा. माझा नाही."

*

शनिवार आला. शिंदेबाईंचं डोकं निळ्या बटनांनी दुखत होतं. विलासला टायपिंगला निळी आवडायची, गेमला लाल. शेवटी लाल ठेवायचा ठरला. दगडूला कोणी विचारलं नाही.

बाईंची प्रश्नपत्रिका तेवढी राहिली होती. परत द्यायच्या आधी विलासने निळ्यावर हात मोकळा सोडला. खटखटखटखट. बाकडं टेबलाला टेकलेलं, त्यातून ते माझ्या पाठीतसुद्धा उतरत होतं.

बघतो तर दगडूची मान भिंतीला टेकलेली. तोंड उघडं. घोरतोय! मी बोलायला गेलो तर शिंदेबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

शेवटचा प्रश्न संपला. विलासने हात उचलले.

दगडू ताडकन उठून बसला. डोक्यावर पंखा फिरत होता.

"लाइट गई का रे भो?"



शिंदेबाईंनी लाल बटनांचा कीबोर्ड उचलून परत द्यायच्या खोक्यात घातला आणि म्हणाल्या, "विलास, माझी प्रश्नपत्रिका पुन्हा पहिल्यापासून टाइप कर."