शेजारणीचा पुरस्कार

बाळांनो, आपल्या कोल्हापूरच्या एका वर्तमानपत्रातून मला फोन आला होता. ‘आदर्श शिक्षिका’ म्हणून माझी निवड झाली होती. फक्त पुरवणीसाठी एक जाहिरात द्यायची होती. तो पुरस्कार मला मनापासून हवा होता. तरी मी विचारलं, “मग निवड माझी झाली की जाहिरातीची?” त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

त्याच पुरवणीत शेजारीण ‘आदर्श उद्योजिका’ झाली. अभिनंदन करायला गेले, तर म्हणाली, “या की वहिनी! आमच्या ह्यांनी डेअरीची पानभर जाहिरात दिली. समदीच देत्यात. तुमी बी द्यायची की! फोटो बघा कसा झ्याक आलाय!”

फोटो खरोखर छान होता. जांभळी पैठणी, वर शाल. माझा नुसता जळफळाट झाला.

घरी येऊन मी संपादकांना पत्र लिहिलं, की असल्या पानावर ‘जाहिरात’ असं ठळक छापा. ते छापून आलेलं नाही. मी मत्सराने लिहिलं हे खरं, पण म्हणणं चुकीचं नाही. तिने ऑनलाइन टाकलेल्या त्या फोटोखाली तुम्ही दोघांनी “काकू, ग्रेट!” लिहिलंत. ते आधी पुसून टाका.