उलटा कूलर

रोज सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी कुमुदकाकू स्वयंपाकघराच्या भिंतीला उलटा हात लावतात. तळहात नाही, हाताची मागची बाजू. तळव्याला इतक्या वर्षांच्या भांड्यांचे आणि पुट्टीच्या पात्यांचे घट्टे पडले आहेत, त्याला ओल कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. खिडकीजवळ एकदा, मोरीच्या बाजूला एकदा, मग वाकून सिलिंडरच्या मागे एकदा. भिंत कोरडी असली तर चहाकडे वळतात. ओली असली तर चहा होईपर्यंत तिथेच थांबतात, आजारी माणसाच्या उशाशी थांबावं तशा.

कुमुद देवदत्त वैरागडे. माहेर भंडाऱ्याचं, लग्नानंतर रायपूर. देवदत्तकाका रेल्वेत होते, आता निवृत्त. बूढापाऱ्यात, तलावाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं घर आहे. वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. गल्लीत त्यांना कोणी ‘पेंटवाली दीदी’ म्हणतं, कोणी ‘फंगसवाली’. काकूंना दुसरं नाव जास्त आवडतं.

“पेंट तं कोणीही मारते,” त्या म्हणतात.

आधी त्याही पेंटच मारायच्या. दोन बाया आणि एक शिडी घेऊन त्यांनी घरं रंगवण्याची कामं सुरू केली, तेव्हा विशाल, त्यांचा मुलगा, शाळेत होता. लोक बोलावून भिंतीवरचा बुरशीचा काळा-हिरवा डाग दाखवायचे आणि म्हणायचे, यावर रंग मारा. काकू खरवडून रंग मारायच्या. दिवाळीपर्यंत डाग परत यायचा, तोच, त्याच जागी, शेजारच्या माणसासारखा ओळखीचा.

आमच्याकडे घराघरात ओल कूलरमधून येते. एप्रिलपासून खिडकीत बसवलेला तो पत्र्याचा डबा पावसाळा लागला तरी कोणी काढत नाही. उकडत असतं, म्हणून तो चालूच राहतो. दारं बंद, हवेत पाणी आणि पलंगामागची भिंत आतून भिजत जाते. आणि गंमत अशी की भिंत सुकवायचीही त्याच कूलरने. वाळ्याच्या जाळ्या काढायच्या, टाकी रिकामी करायची, कूलर घरात ओढून भिंतीसमोर ठेवायचा आणि पंखा जोरात सोडायचा. अख्खं रायपूर असंच करतं. काकूही करायच्या.

अपर्णा दाणींच्या घरी त्यांनी तेच केलं. अपर्णाताई शाळेत शिकवायच्या, दम्याचा थोडा त्रास होता. ऑगस्ट महिना होता. काकूंनी मधल्या खोलीची भिंत खरवडली, तशीच ठेवली, समोर बिनजाळ्यांचा कूलर लावला आणि दिवसभर सुरू ठेवला. संध्याकाळी भिंत टिचकीला खणखणीत वाजत होती. पण पलंगावर, वह्यांच्या गठ्ठ्यांवर, देवघरातल्या तबकात पिठासारखा बारीक राखाडी थर बसला होता. तिसऱ्या दिवशी अपर्णाताई दवाखान्यात होत्या. पंधरा दिवस राहिल्या.

काकू रोज डबा घेऊन जायच्या. पाचव्या-सहाव्या दिवशी अपर्णाताईंना नाकातली नळी काढून बोलता आलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “भिंत सुकली हो कुमुदताई. पण घर उडालं ना.”

हे मला खूप नंतर कळलं. काकूंनी ते गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही, गल्लीत सांगितलं नाही, विशाललासुद्धा नाही. पण त्याच दवाखान्याच्या गॅलरीत बसून त्या पुढचं शिकल्या. ऑपरेशनच्या खोलीबाहेर दोन माणसं छतातून एक चौकोनी, दाट घड्यांची चौकट काढत होती. काकू डबा मांडीवर ठेवून बघत राहिल्या आणि शेवटी विचारलंच, “भैया, ये क्या है?” हेपा फिल्टर, ते म्हणाले. डोळ्यांना न दिसणारी धूळसुद्धा यात अडकते. काकूंनी त्यांना आणखी अर्धा तास सोडलं नाही.

तेव्हापासून त्यांचा एक नियम आहे. आधी हवा ओढायची, मग भिंत सुकवायची. खरवडण्याच्या वेळी खोलीतली हवा बाहेर ओढली गेली पाहिजे, आणि बाहेर जाण्याआधी गाळली गेली पाहिजे. सुकवणं त्यानंतर. एवढं करायचं तर यंत्र लागतं. कितीतरी वर्षं ते त्यांच्याकडे नव्हतं. लहानशा खोल्या, ओल्या फडक्यांनी पुसून, हाताने, तोंड बांधून, त्या करत राहिल्या.

गेल्या पावसाळ्यात नव्या रायपुरातल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहातून बोलावणं आलं. तळमजल्यावरच्या अकरा खोल्या. तिथले व्यवस्थापक शिशिर सरपोतदार पुण्याचे, बोलणं इस्त्री केलेलं. त्यांनी एका मोठ्या कंपनीलाही बोलावलं होतं. दोघांना एकेक खोली करायला द्यायची, ज्याचं काम आधी आणि नीट होईल त्याला बाकीच्या सगळ्या, असं ठरलं. पुढे संस्थेच्या सगळ्या इमारतींचं कामही त्यालाच.

“मम्मी, ये काम गया तो मैं कंपनी में लग जाऊँगा,” विशालने सांगून टाकलं. त्याच कंपनीने त्याला आधी दोनदा विचारलं होतं. तो मराठी सगळं समजतो, बोलतो हिंदीतच. “कब तक पोंछे से करेंगे?”

“म्हणूनच तं मशीन पाहून राहिली ना मी,” काकू म्हणाल्या.

यंत्र निवडायला दोघं आठवडाभर फिरले. विशालचं मन फॉगिंग मशीनवर होतं. धुराचा लोट निघतो, गिऱ्हाईक खूश होतं, फोटो छान येतात. दुकानदाराने चालवून दाखवलं आणि म्हणाला, “मैडम, इसमें लेमन फ्लेवर भी आता है।”

“दीवार शरबत पीती है क्या, भैया?”

प्रत्येक यंत्राला त्या तीन गोष्टी विचारायच्या, यंत्रालाच विचारत असल्यासारख्या त्याच्यावर हात ठेवून. हवा कुठून घेतं, कुठं सोडतं आणि मध्ये काय अडवतं. धुराचं यंत्र तिसऱ्या प्रश्नाला गप्प. मोठे ब्लोअर तर पहिल्यालाच नापास, खोलीतलीच हवा घ्यायची आणि खोलीतच फेकायची. हवेतलं पाणी ओढून बादलीत टाकणारं यंत्र त्यांनी पसंत केलं, ते घेतलं. भिंतीत दोन सुया टोचून ओल मोजणारा मीटर घेतला, तोही आधी दुकानाच्याच भिंतीला टोचून. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे. पण हवा गाळून बाहेर काढणारं यंत्र परदेशी निघालं, त्यांच्या आवाक्याबाहेरचं.

“तो फिर?” विशाल म्हणाला.

काकू भनपुरीला गेल्या. तिथे तुळशीराम साहूची शेड आहे. तो वर्षभर कूलरचे डबे बनवतो. काकूंनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. समोर जाड जाळी, मग मधली, मग हेपाची चौकट, मागे मोठा पंखा, आणि तोंड खिडकीबाहेर.

तुळशीरामने डोकं खाजवलं. “कूलर उल्टा बनाना है, दीदी?”

“हव. उलटा.”

“तीस साल से सीधा बना रहा हूँ।”

“मंग आता सुधर.”

डबा तयार झाला तेव्हा काकूंनी शेडचं दार लावून घेतलं, डब्याच्या आत बॅटरी पेटवून ठेवली आणि बाहेरून सगळ्या कडा तपासल्या. हेपाच्या चौकटीच्या एका कोपऱ्यातून उजेडाची रेघ आली. काकूंनी पुन्हा उघडायला लावला, फोमची पट्टी लावली, पुन्हा अंधार केला. दुसऱ्यांदा रेघ नव्हती. त्यांनी त्या पत्र्यावरून हात फिरवला. उलटा नाही, सरळ.

वसतिगृहात काय झालं ते मला आधी विशालने सांगितलं, मग काकूंनी. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की विशालच्या सांगण्यात काकू ओरडल्या आणि काकूंच्या सांगण्यात त्या फक्त बोलल्या.

त्यांनी आपल्या खोलीचं दार प्लास्टिकने बंद केलं, खाली बोटभर फट ठेवली. डबा खिडकीत बसवला, सुरू केला. मग बॅगेतून उदबत्ती काढून पेटवली आणि फटीजवळ धरली.

“पूजा करताय काय?” सरपोतदार म्हणाले.

“हवा कुठं जाऊन राहिली ते पाहून राहिली.” धूर वाकला आणि सरळ आत गेला. “हे पाहा. आतलं बाहेर नाही येत आता.”

“छान. किती दिवस?”

“नऊ. अन् बाथरूमचा पाइप गळून राहिला मागून, तो आधी. नाहीतर मी महिनाभर सुकवीन अन् तो परत भिजवीन.”

“कंपनी तीन दिवस म्हणतेय, काकू. पुढच्या आठवड्यात पाहणी आहे.”

समोरच्या खोलीत कंपनीच्या माणसांनी भिंत कोरडीच खरवडली होती. फरशीवर काळा भुगा पडलेला, दार सताड उघडं. शेजारच्या खोल्यांमध्ये मुली राहतच होत्या. राधिका नावाची एक कोंडागावची मुलगी दाराला टेकून खोकत उभी होती. काकू तिकडे वळल्या तेव्हा ती माणसं तीन ब्लोअर भिंतीकडे तोंड करून मांडत होती.

काकू गेल्या, तिन्ही ब्लोअरच्या बोर्डाचा प्लग भिंतीतून ओढून काढला आणि हातात धरून उंबऱ्यात बसल्या.

“प्लग ठेवा खाली,” सरपोतदार म्हणाले.

“नाही ठेवत. ह्या पोट्ट्याइले आधी दुसरीकडं न्या.”

“दुसरीकडे जागा नाही. आणि अहो, भिंतच सुकवतायत ती माणसं. तुम्हालाही तेच करायचंय ना?”

“खरवडून ठेवली अन् ओढून नाही घेतली. आता फुंकर माराल तं सगळं ह्या पोट्ट्याइच्या छातीत जाईन.”

“हे तुम्हाला कसं ठाऊक?”

विशाल म्हणतो, इथे मम्मी प्लगची वायर बोटाला गुंडाळत होती.

“काहून की म्या केलं हाये हे,” त्या म्हणाल्या. “कूलर लावून. बूढापाऱ्यात. एक मास्तरीण पंधरा दिवस दवाखान्यात होती माझ्यापायी. नाकात नळी होती तिच्या.”

कंपनीचा सुपरवायजर हसला. “सुन लो सर, खुद मान रही हैं।”

“हव, मान रही हूँ,” काकू त्याच्याकडे वळून म्हणाल्या. “तू भी मान ले. तेरे पास अभी टाइम है।”

सरपोतदारांचा आवाज पहिल्यांदाच चुरगळला. “मग तुम्हाला काम देणं हीच माझी चूक झाली.”

“नका देऊ. काम नका देऊ. पण ह्या पोट्ट्या इथं हायेत तवर हा पंखा चालणार नाही. पोलीस बोलवा, मी त्यायलेही हेच सांगीन.”

विशाल इतका वेळ मागे उभा होता. त्याला ती गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा कळली होती. तो पुढे आला. काकूंना वाटलं, उठवायला आला. तो त्यांच्या शेजारी उंबऱ्यात बसला. दोघांनी मिळून दार भरलं.

मग राधिकाने आपली गादी गुंडाळली. कोणी सांगितलं नव्हतं. तिने ती खांद्यावर घेतली आणि जेवणाच्या हॉलकडे चालू लागली. मागून दुसरी, मग आणखी चार जणी. दुपारपर्यंत तळमजला रिकामा झाला आणि जी जागा नव्हती ती हॉलमध्ये झाली. काकूंनी अकराही खोल्यांची दारं स्वतः ओढून घेतली आणि तेव्हाच प्लग खाली ठेवला.

काम कंपनीला गेलं. सरपोतदारांनी तसं तिथेच सांगितलं आणि डबा लगेच काढायला सांगितलं. काकूंनी आपल्या खोलीच्या भिंतीत मीटरच्या सुया टोचल्या, आलेला आकडा आणि तारीख पेन्सिलीने भिंतीवरच लिहिली, आणि खाली हिंदीत एक ओळ: पाइप अब भी टपक रहा है। सरपोतदार बघत राहिले. पुसायला मात्र पुढे झाले नाहीत.

परतीच्या वाटेवर रुंद रस्ते, दूरदूर उभ्या इमारती आणि मागे छोट्या गाडीत दोरीने बांधलेला तो पत्र्याचा डबा. शहर जवळ आल्यावर विशालने विचारलं, “शंकर नगरवाले घर की दीवार देखने कब चलना है?”

“परवा,” काकू म्हणाल्या.

त्याने मान हलवली. पुढच्या वळणावर काकूंनी काच खाली केली, बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, “लाल भाजी दिसली तं गाडी थांबवजो, दोन जुड्या घेऊन घेऊ.”