शिट्टी बंद करा, गुरुजी

माझी मुलगी जंगलात हरवली तेव्हा तिला शोधायला सगळ्यांत पुढे मी होतो. ती सापडू नये यासाठीही सगळ्यांत जास्त मेहनत मीच घेतली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागभीड आणि सिंदेवाहीच्या मधल्या जंगलपट्ट्यात, एका लहान गावी मी प्राथमिक शिक्षक होतो. ब्रह्मपुरीला कॉलेज केलेलं, वर कवायतीचा कोर्स, त्यामुळे गावाला काही कळत नाही याबद्दल माझी पक्की खात्री होती. मोहफुलांच्या दिवसांत अर्धा वर्ग पहाटेच जंगलात जाई आणि मी हजेरी घेताना चरफडे. माझी पाच वर्षांची मुलगीही शेजारच्या बाईंच्या मागे लागून जाऊ लागली. या बाई मजुरी करत, चार पोरांची आई होत्या, आणि त्यांचा आवाज बारीक करायचं बटण देव बसवायचं विसरला होता. बायकोनं मुलीला परवानगी देऊन टाकली. मला विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

एका सकाळी बाई धापा टाकत दारात आल्या. पोरं फुलं वेचत असताना फॉरेस्ट गार्डची शिट्टी वाजली होती. कुणाची कुऱ्हाड, कुणाची टोपली जप्त करायची त्या गार्डाला भारी हौस. म्हणून शिट्टी ऐकली किंवा खाकी दिसली की झुडपात शिरायचं आणि चूप बसायचं, हे त्या गावात पोर चालायला लागलं की शिकवत. गार्ड गेल्यावर बाकीची पोरं बाहेर आली. माझी आली नाही.

"माह्या पोट्टीवानी सांभाळतो तिले, पन नजर चुकली गुरुजी," बाई रडत म्हणाल्या.

एप्रिलचं ऊन, जवळ पाण्याचा थेंब नाही, आणि मोहफुलं अस्वलालाही आवडतात. मग शिकलेल्या माणसानं जे करायचं ते मी केलं: बाईंवर ओरडलो आणि सायकलनं जंगलखात्याच्या रेंज ऑफिसला निरोप धाडला.

दुपारी जीप आली. साहेब, चार गार्ड, दोन पोलीस. साहेबांनी बॉनेटवर नकाशा पसरला. तो दुसऱ्याच जंगलाचा निघाला, पण म्हणून त्यावर बोट ठेवून हुकूम देणं काही थांबलं नाही. तोवर गाव सकाळपासून शोधतच होतं. कुणी बोलावलं नव्हतं. झाडाखाली पडलेली फुलं गुरांना सोडून बाया आल्या होत्या, पलीकडच्या टोलीवरून, म्हणजे पाड्यावरून, गोंड माणसं तुंब्यांत पाणी भरून आली होती. साहेबांनी त्या सगळ्यांना मागे उभं केलं, कारण अडाणी लोकांनी गोंधळ होतो.

पुढे आम्ही. मीही कवायतीची खाकी पँट चढवली होती, गळ्यात शिट्टी होती. आठ जणांनी एका ओळीत शिट्ट्या फुंकत आणि झुडपांवर दंडुके हाणत जंगल विंचरलं. एवढ्या गोंगाटात तिनं ओ दिली असती तरी कुणाला ऐकू आली नसती. ऊन कलायला लागलं तसं मी आणखी जोरात फुंकू लागलो.

शेवटी बाईंनी माझा दंडच धरला.

"शिट्टी बंद करा, गुरुजी. पोट्टी तुमालेच भिऊन लपून राह्यली. तुमी जितके जवळ जाता तितकी ते दूर सरकते."

"मी तिचा बाप आहे!"

"तिले झुडपातून बापाचं तोंड नाई दिसत. पँट दिसते."

साहेब हसले. मी हसू शकलो नाही, कारण बाई सकाळीच मला शिट्टीचं सांगून गेल्या होत्या आणि मी ते कानामागे टाकलं होतं.

मग बाईंनी सूत्रं हातात घेतली. सगळी खाकी जीपमध्ये बसवून आटलेल्या तलावाच्या पाळीपलीकडे पाठवली. मला नवऱ्याचं जुनं धोतर दिलं आणि तोंड बंद ठेवून मागून यायला सांगितलं. बाया टोपल्या घेऊन रोजच्यासारख्या पांगल्या. कुणीही माझ्या मुलीला हाक मारली नाही. त्या फुलं वेचू लागल्या आणि भांडू लागल्या. माझ्या झाडाखाली काऊन आली, तुझी सून कशी आळशी आहे, असलं रोजचं भांडण, सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असं. मी धोतर सावरत मागे चाललो होतो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होतो. माझी मुलगी मरायला टेकली आणि यांना सून सुचते!

घटकाभरानं पळसाच्या दाट झुडपातून ती बाहेर आली. ओठ फुटलेले, पायभर ओरखडे. ती बाईंकडे गेली, माझ्याकडे नाही. फ्रॉकचा ओचा मुठीत घट्ट धरलेला होता, आत चिरडलेली फुलं होती.

"बाई, मी एक पन फूल त्याइले देल्लं नाई," ती म्हणाली.

टोलीवरच्या एका म्हाताऱ्यानं तुंबा तिच्या तोंडाला लावला. मी तिथंच हमसून हमसून रडलो.

आठवड्यानं शाळेत सत्कार झाला. नारळ आणि शाल साहेबांना, हार चार गार्डांना आणि दोन पोलिसांना. आभाराचं भाषण माझ्याकडे होतं. ते मी रात्रभर जागून लिहिलं होतं आणि त्यात बायांची, टोलीवाल्यांची नावं होती. साहेब पहिल्या खुर्चीत बसले होते आणि माझा बदलीचा अर्ज त्यांच्या एका नातेवाइकाच्या टेबलावर होता. मी साहेबांच्या तत्परतेचे आभार मानले, खात्याचे मानले, जीपच्या ड्रायव्हरचेही मानले. कागदाचा खालचा अर्धा भाग मी वाचलाच नाही. बाया मागे जमिनीवर बसून टाळ्या वाजवत होत्या.

संध्याकाळी बाई दारात आल्या.

"भाषण लय चांगलं केलं गुरुजी. पोट्टीले उद्या पाठवता का? आता नाई गेली तं जंगलाले भेतच राहील."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर मला बरं वाटलं असतं.